साठीनंतरचा प्रवास: सोबत शोधताना

सोबती कुठे मिळेल हे शोधण्याआधी स्वतःची चाल नीट ओळखा. दिवसभरात किती चालवतं, दुपारी आडवं व्हावं लागतं का, पहाटे निघायला आवडतं की उशिरा? स्वभाव जुळण्यापेक्षा ही लय जुळणं प्रवासात जास्त उपयोगी पडतं, हे मी ठामपणे सांगेन. पहिल्याच फोनवर हे विचारा. पैशांचंही तेव्हाच बोलून घ्या: कुठल्या दर्जाचं हॉटेल, टॅक्सी की बस, हिशेब रोजचा रोज की शेवटी.

खोलीचा प्रश्न सगळ्यात नाजूक. एकट्या प्रवाशाकडून बऱ्याच सहल कंपन्या जादा आकार घेतात आणि तो वाचवायला अनोळखी माणसाबरोबर खोली घ्यावीशी वाटते. पण घोरणं, रात्री वारंवार उठणं, दिवा चालू ठेवून वाचणं यांनी झोप गेली की दुसरा दिवसही जातो. परवडत असेल तर खोली वेगळीच घ्या.

लांबच्या सहलीआधी एकत्र दोन दिवस जवळपास कुठेतरी जाऊन या. नाही जमलं तर तसं मोकळेपणाने सांगा, त्यात अपमान कुणाचाच नाही.

भेट आधी व्हिडिओ कॉलवर, मग सार्वजनिक ठिकाणी. पासपोर्टची प्रत किंवा आगाऊ पैसे नव्या ओळखीत देऊ नका. विमा ज्याचा त्याने काढावा, जुने आजार त्यात न लपवता नोंदवावेत. निघताना औषधांची यादी आणि घरच्यांचे नंबर एकमेकांकडे ठेवा. आणि रोज काही तास वेगवेगळे फिरायचं, हे आधीच ठरवून टाका.