भीती उतरल्यावरच लिफ्टबाहेर ये

प्रिय मुली,

अकरा मजले जिन्याने चढतेस. कधी लिफ्टमध्ये पाय ठेवतेस आणि दार मिटायच्या आत बाहेर येतेस. वर लिहितेस, ‘रोज प्रयत्न करते, तरी भीती वाढतेच आहे.’ वाढणारच! बाहेर पडल्यावर जे हायसं वाटतं, त्यातून मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. भीती चढलेली असताना बाहेर पडू नकोस. उतरली की पड.

वहीत पायऱ्या मांड आणि प्रत्येकीपुढे ० ते १०० मध्ये भीतीचा आकडा लिही. दार उघडं धरून आत उभं राहणं ३०, सोबत घेऊन एक मजला ४५, एकटीने एक मजला ६०, सकाळच्या गर्दीत अकरावा ९५. ही रीत जुनी आहे. १९२४ साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या छोट्या पीटरला खाऊ देत देत ससा असाच हळूहळू जवळ आणला होता.

सुरुवात ४५ पासून कर. हाताशी तासभर ठेव. एका मजल्याची फेरी अर्ध्या मिनिटात संपते, म्हणून उतरायचं नाही. आकडा निम्मा होईपर्यंत वर-खाली करत राहा आणि दर पाच मिनिटांनी तो लिही. आधी तो चढेल, छाती धडधडेल, तळवे ओले होतील. बहुतेक जण नेमके तिथेच बाहेर पडतात. तू पडू नकोस.

मोबाइलमध्ये डोकं घालणं, दांडा घट्ट धरणं, बटणांपाशीच उभं राहणं, हेसुद्धा पळणंच. दाराच्या फटीतून सरकणारी भिंत बघ, पंख्याची घरघर ऐक.

पहिले दोन आठवडे जवळजवळ रोज कर, मग लिफ्ट बदल; एकीत गेलेली भीती दुसरीत पुन्हा भेटते. महिन्याचा खंड पडला तरी ती डोकं वर काढेल. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव यांच्या कुत्र्यांना खाण्याची खूण ऐकली की लाळ सुटायची; खाणं न देता नुसती खूण ऐकवत राहिलं की ती थांबायची, पण विश्रांतीनंतर परत सुटायची. जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्यावर नवं चढतं. अशा वेळी एक पायरी खाली ये, पण अर्ध्यात बाहेर पडू नकोस.

रक्त बघून चक्कर येणाऱ्यांचं वेगळं असतं. त्यांचा रक्तदाब घसरतो, म्हणून त्यांना हातापायांचे स्नायू आवळून धरायला शिकवतात. तुझं ते नाही.

मी कठोर वाटत असेन. पण ‘राहू दे, जमेल तेव्हा कर’ असं गोड बोलून मी पुष्कळांच्या भीतीलाच खतपाणी घातलं. तुझ्या बाबतीत ते करणार नाही, रागावलीस तरी.

रविवारी दुपारी इमारत शांत असते, तेव्हा सुरू कर. पहिल्या दिवसाचे आकडे असतील तसे पाठव.