इंद्रधनुष्याजवळ जायला निघालं की ते मागे का सरकतं? आणि भर दुपारी का दिसत नाही?

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच. इंद्रधनुष्याला जागा नसते, कोन असतो. आणि तो कोन तुमच्या डोळ्यापासून मोजायचा.

मी यवतमाळ जिल्ह्यात शेती करतो. हे पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते हरभऱ्याच्या वावरात. डिसेंबरची सकाळ, स्प्रिंकलर सुरू, ऊन पाठीवर आणि समोरच्या तुषारांत लख्ख कमान. सोबत सातवीतली पुतणी होती. ती कमान धरायला धावली, तर कमान तिच्यापुढे पळाली. मी म्हटलं, आधी तुझ्या डोक्याची सावली बघ. ओल्या ढेकळांवर ती लांब पडली होती. पुतणीनं हात सरळ ताणला, सावलीपासून वर दोन विती मोजल्या आणि करंगळी लाल पट्ट्यावर आली. मी धुऱ्यावरून मोजलं, तर माझ्याही सावलीपासून दोनच विती. "काका, म्हणजे माझं वेगळं अन् तुमचं वेगळं?" अगदी बरोबर. आमच्यात दहा पावलांचं अंतर होतं, म्हणून दोघांना रंग देणारे थेंबही वेगळे.

हात ताणून मोजलेल्या दोन विती म्हणजे जवळपास 42 अंश. हा आकडा थेंबाच्या आत ठरतो. किरण थेंबात शिरताना वाकतो, आतल्या मागच्या बाजूवर आपटून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. तो थेंबाच्या मध्यावर पडला की कडेला, यावर परतीचा कोन बदलतो. पण असा एकदा परतलेला लाल किरण 42 अंशांपलीकडे जातच नाही, आणि त्या शेवटच्या कोनापाशी किरणांची दाटी होते. ती दाटी म्हणजेच कमानीची झळाळी. बाकीचे किरण आतल्या बाजूला पसरतात, म्हणून कमानीच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा उजळ असतं. पुढच्या वेळी मुद्दाम बघा. मला तर रंगांपेक्षा हेच जास्त सुंदर वाटतं. देकार्त या फ्रेंच गणितज्ञानं 1637 साली एकेका किरणाचा हिशेब मांडून हे दाखवलं. रंगांचा उलगडा नंतर न्यूटननं केला: जांभळा लालपेक्षा जास्त वाकतो, म्हणून तो 40 अंशांच्या आसपास, आतल्या कडेला. कमानीच्या माथ्यावरचा एकच थेंब पडता पडता तुम्हाला आधी लाल, मग पिवळा, हिरवा आणि शेवटी जांभळा देऊन जातो.

कधी बाहेरून दुसरी फिकट कमान दिसते, रंग उलटे. तिथं किरण थेंबात दोनदा आपटलेला असतो.

आता दुपारचं. कमानीचा मध्य तुमच्या डोक्याच्या सावलीच्या दिशेला. सूर्य जितका वर, तितका हा मध्य क्षितिजाखाली. सूर्य 42 अंशांच्या वर चढला की आभाळातली कमान पूर्ण बुडते. जुलैत आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, मग कमान कुठून दिसणार? पावसाळ्यात सकाळी साधारण नऊच्या आत पश्चिमेला बघा, नाहीतर चारनंतर पूर्वेला, आणि सूर्य उघडा हवा.

स्प्रिंकलरचं मात्र वेगळं. तिथं थेंब पायापाशीही उडत असतात, त्यामुळं बारा वाजताही पाठ उन्हाकडे करून खाली सावलीकडे बघितलं तर कमान सापडते, हरभऱ्याच्या शेंड्यांवर टेकलेली.