बरं झाल्यावर काय करायचंय, ते पेशंटला विचार

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

‘आरोग्य म्हणजे काय’ या प्रश्नाला वर्गात पूर्ण मार्क मिळाले, पण वॉर्डात पेशंटसमोर उभं राहिलं की त्या उत्तराचं काय करायचं ते कळत नाही, असं तू लिहिलंयस. हा प्रश्न तुला नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी पडला याचा मला फार आनंद झाला.

तू पाठ केलेलं उत्तर चुकीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ ला अमलात आली, म्हणून तर आपण त्या दिवशी आरोग्य दिन पाळतो. रोग नसणं एवढंच आरोग्य नव्हे, शरीर, मन आणि समाजातलं जगणं या तिन्हींची पूर्ण सुस्थिती म्हणजे आरोग्य, हे त्यात लिहिलं गेलं. महायुद्धाने पोळलेल्या जगाने हे म्हणणं मोठंच होतं. पण या मापाने मोजलं तर मधुमेह सांभाळत आंब्याच्या बागेत राबणारा माणूस जन्मभर आजारीच ठरतो. २०११ साली डच डॉक्टर मॅख्टेल्ड ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वेगळी मांडणी केली: जे संकट समोर येईल त्याच्याशी जुळवून घेण्याची आणि स्वतःला सांभाळण्याची क्षमता म्हणजे आरोग्य. आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल तर शंभरावर वर्षं आधीच सांगून गेल्या होत्या की नुसतं बरं असणं पुरेसं नाही, अंगातली प्रत्येक शक्ती नीट वापरता आली पाहिजे. मला हे दोन विचार आपल्या कामाच्या जास्त जवळचे वाटतात. त्यातून पेशंटला विचारायचा प्रश्न मिळतो: बरं झाल्यावर तुम्हाला काय करायचंय?

तू लिहिलेल्या त्या मालवणच्या आजोबांचंच बघ. मधुमेह, तळपायाला जखम, आणि रोज एकच विचारणा, “माका दर्यार कधी जावक गावतला?” तू केअर प्लॅनमध्ये, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेच्या आराखड्यात, ‘पाय कोरडा व स्वच्छ ठेवणे’ लिहिलंस. होडीवर पाय कोरडा कसा राहील? त्यांच्यासाठी आरोग्य म्हणजे पुन्हा दर्यावर जाणं, तेव्हा प्लॅनही तिथूनच सुरू व्हायला हवा. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. म्हणजे जखम भरायला दोन महिने हाताशी आहेत, हे त्यांना सांग. या दोन महिन्यांत साखर आटोक्यात आणायची, ड्रेसिंग चुकवायचं नाही. पुढे होडीवरून आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवायचे, बोटांच्या बेचक्यांतून पुसायचे आणि तळवे घरच्या कुणाकडून रोज बघून घ्यायचे. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्यावर माशाचा काटा रुतला तरी कळत नाही, हे त्यांच्या सुनेलाही सांग. ‘दर्यावर जायचंय म्हणून’ ते जेवढं ऐकतील, तेवढं ‘डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून’ ऐकणार नाहीत.

पण पेशंट म्हणेल ते आरोग्य, असंही समजू नकोस. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन घाटी चढणारी बाई तुला सांगेल, “माका काय झाला नाय.” काम होतंय ना, मग ती बरी, हा तिचा हिशोब. आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या असाच हिशोब केला, आणि त्याचा मला फार राग येतो. हिमोग्लोबिन बायकांसाठी किमान धरलेल्या बाराच्या कितीतरी खाली घसरलेलं असतानाही माणूस सवयीने काम ओढत राहतो. तिला “थकवा येतो का” असं विचारू नकोस, ती नाहीच म्हणेल. पूर्वी न थांबता चढायची ती घाटी आता मध्येच थांबून चढावी लागते का, पाळीत अंगावरून किती जातं, हे विचार. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, हेही सांग. चहाने लोह अंगी लागत नाही.

व्याख्येतला समाजाचा भाग मुली पाठ करतात आणि विसरतात. कम्युनिटी पोस्टिंगला, म्हणजे गावात काम शिकायला, गेलीस की तो उपकेंद्रात आपल्या पायांनी चालत येईल. मुलगे मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला घर भरणार, एरवी एवढ्या मोठ्या घरात एकटी म्हातारी. ती वरचेवर बीपी तपासायला येते. स्टाफ वैतागतो. तू वैतागू नकोस. बीपी बघ, मग रात्री काय जेवलात ते विचार. एकटीसाठी काय रांधायचं म्हणून पेज आणि सुका बांगडा, हेच बहुधा ऐकशील. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, हा नियम तिला सांगून काय उपयोग? सुकी मासळी भिजवून, ते पाणी टाकून, पुन्हा धुऊन घ्यायला सांग, खारटपणा बराच उतरतो. आणि संध्याकाळी तिच्याकडे कोण डोकावू शकेल, ते आशाताईंना विचारून ठेव. हेही नर्सिंगच आहे, रजिस्टरमध्ये त्याला रकाना नसला तरी.

एक वही कर. प्रत्येक पेशंटचं उत्तर त्याच्याच शब्दांत त्यात लिही, मालवणीत बोलला तर मालवणीतच. तिसऱ्या वर्षी ती वही तुला पुस्तकाइतकीच कामी येईल.

आता तुझ्याबद्दल. नाइट ड्युटीनंतर न जेवता झोपतेस, असं पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंयस. ते चालणार नाही. आरोग्य शिकणाऱ्या मुली स्वतःला त्या व्याख्येतून वगळतात, हे मी पुष्कळ पाहिलंय. ड्युटी संपली की आधी दोन घास खा, मग झोप. सुया हाताळतेस, तेव्हा हेपटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस व्हायला हवेत. तिसरा पहिल्यानंतर सहा महिन्यांनी असतो आणि नेमका तोच राहून जातो. तुझा झाला का, ते उलट टपाली कळव.

तुझी,
सिस्टर