फॉलची व्हिस्की कफ सिरपसारखी का लागते?

ऑक्टोबर आला, तिकडे अमेरिकेत फॉल, म्हणजे पानगळीचा मोसम लागून पानं लाल-पिवळी व्हायला लागली की आमच्याकडे सफरचंद, दालचिनी आणि बर्बन या अमेरिकन व्हिस्कीची पत्रं सुरू होतात. या वेळी एकाच विषयावर इतकी आली की म्हटलं सगळी एकत्रच घेऊ.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दर वर्षी मुलांना घेऊन अ‍ॅपल पिकिंगला जातो, येताना फार्मवरनं सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या गढूळ रसाचा, मोठा कॅन आणतो. या वेळी मित्रमंडळी जेवायला होती म्हणून मी बर्बनमध्ये सायडर, मेपल सिरप आणि दालचिनी पावडर घालून कॉकटेल केलं. एक मित्र म्हणाला, कफ सिरप आहे का हे? कुठे चुकलं?

तुमचा मित्र तोंडाळ आहे पण बरोबर बोलला. असं बघा, बर्बन म्हणजे कमीत कमी ५१ टक्के मका, आणि ती मुरते आतून जाळलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या पिंपात, त्यामुळे तिला मुळातच व्हॅनिला आणि कॅरॅमलचा वास असतो. त्यात तुम्ही सायडर ओतलं, तेही गोड. वर मेपल, ते तर गोडच. म्हणजे तीन गोड गोष्टी एकत्र आल्या आणि आंबट-कडू काहीच नाही, मग दुसरं काय होणार! फॉलच्या नावाखाली नेटवर ज्या रेसिप्या फिरतात त्यातल्या निम्म्या तरी अशाच असतात, फोटो छान आणि दोन घोटांनंतर ग्लास टेबलावर तसाच.

दुसरं म्हणजे सायडर थेट ओतलं की ड्रिंक पातळ होतं. सफरचंदाची चव यावी म्हणून अजून ओतावं तर व्हिस्कीच हरवते. यावर न्यू इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांकडे जुना उपाय आहे, सायडर आटवायचं. आपण तिथले लोक करतात तितकं काकवीसारखं घट्ट नाही करायचं, अर्धा लिटर सायडर पसरट पातेल्यात मध्यम आचेवर ठेवा आणि पाव भाग उरेपर्यंत आटू द्या, साधारण अर्धा तास लागतो. शेवटच्या दहा मिनिटांत दालचिनीचा एक तुकडा आणि दोन लवंगा टाका. दोनच हं, लवंग जास्त झाली की डेंटिस्टकडे बसल्यासारखं वाटतं. गाळून गार करा, फ्रिजमध्ये दोनेक आठवडे आरामात टिकतं. फक्त दुकानातनं घेताना लेबल बघा, हार्ड सायडर उचलू नका, त्यात दारू असते. आपल्याला हवाय तो साधा गढूळ रस.

आता एका ग्लासाचं माप: बर्बन ६० मिली (म्हणजे आपला लार्ज पेग), आटवलेलं सायडर २० मिली, ताज्या लिंबाचा रस १५ मिली, मेपल सिरप एक छोटा चमचा, अँगोस्टुरा बिटर्सचे (कडू, मसालेदार अर्क) दोन फटकारे. सगळं भरपूर बर्फासकट शेकरमध्ये, शेकर नसेल तर फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, बरणी हाताला गार लागून बाहेरून ओली होईपर्यंत जोरात हलवा आणि नव्या बर्फावर गाळून घ्या. वरून जायफळ किसा, पावडर नको, अख्खं जायफळ आणि बारीक किसणी. लिंबू आणि बिटर्स यातलं काही वगळलंत तर पुन्हा कफ सिरपवर याल. बर्बनऐवजी राय व्हिस्की (राय या धान्याची) घेतलीत तर अजून कोरडं, मसालेदार लागतं, मला स्वतःला तेच आवडतं.

आणि जाता जाता, मेपल सिरप सगळे फॉलचं म्हणून मिरवतात, पण झाडातला रस काढतात तो हिवाळा सरताना, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. सुमारे ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप मिळतं. म्हणून ते महाग, आणि म्हणूनच ते चमच्यानं घालायचं, ओतायचं नाही. लेबलवर 'डार्क' लिहिलेलं घ्या, व्हिस्कीसमोर फिकट सिरपची चव टिकत नाही. पॅनकेक सिरप मात्र बिलकुल नको, तो रंग आणि वास घातलेला मक्याचा पाक असतो.

प्रश्न : दिवाळीच्या आसपास आमच्याकडे दहा-बारा जण येतात. प्रत्येकाला वेगळं शेक करत बसले तर मी चकल्या कधी तळू? जगमध्ये करून ठेवता येईल का?

येईल की. दहा जणांसाठी बर्बन ६०० मिली, आटवलेलं सायडर २००, लिंबाचा रस १५०, मेपल ५०. बिटर्स मात्र दहापट करू नका, दहा-बारा फटकारे घाला, चाखा, मग वाटलं तर वाढवा. आणि पाणी! हे सगळे विसरतात. शेक करताना बर्फ वितळून ड्रिंकमध्ये पाणी जातं, जगमध्ये ते जात नाही, म्हणून पाव लिटर गार पाणी आपणच घालायचं, नाहीतर पाहुणे पहिल्याच घोटाला खोकतील. लिंबू सोडून बाकी सगळं सकाळीच मिसळून फ्रिजमध्ये ठेवा, लिंबू पाहुणे यायच्या तासभर आधी पिळा. जगमध्ये बर्फ टाकू नका, ग्लासात टाका.

७५० मिलीच्या बाटलीत असे बारा ग्लास होतात. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे ४० टक्क्यांची व्हिस्की साधारण ४५ मिली धरतात, आपला ग्लास त्याहून मोठा आहे, गोडसर असल्यानं ते कळत नाही. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : मी पुण्यात राहते. इथे कुठला फॉल, ऑक्टोबर हीटनं जीव जातोय, पण बहिणीनं बॉस्टनहून फोटो पाठवले तेव्हापासून हे करून बघायचंय. सायडर नाही, मेपलची बाटली बघूनच परत ठेवली. काही देशी जुगाड?

आहे ना, आणि तो नुसता जुगाड नाही, चांगला लागतो. मेपलच्या जागी काकवी घ्या. तिची चव मेपलपेक्षा तीव्र आणि किंचित खारट असते म्हणून अर्धा चमचाच. गूळ वापरणार असाल तर समभाग गरम पाण्यात विरघळवून फडक्यातनं गाळा, खाली कचरा बसतो तो ग्लासात यायला नको.

सायडरचं तर याच दिवसांत जमतं, हिमाचल-काश्मीरची सफरचंदं बाजारात असतात. जरा आंबटसर, घट्ट फळं घ्या, सालासकट मिक्सरमधून काढा, फडक्यातनं पिळा, आणि वर सांगितलं तसं आटवा. रस काळपट पडेल, घाबरू नका, आपल्याला तोच रंग हवाय. डब्यातला ज्यूस टाळा, तो गोड असतो आणि आटवला की अजून गोड होतो. लिंबाचं माप बदला बरं का, आपलं कागदी लिंबू तिकडच्या पिवळ्या लेमनपेक्षा जहाल असतं, १५ ऐवजी १० मिलीपासून सुरुवात करा.

व्हिस्की कुठलीही चालेल, फक्त धुरकट वासाची पीटेड नको, सफरचंद त्यात बुडून जातं. साध्या देशी व्हिस्कीत बऱ्याचदा मळीचा स्पिरिट असतो, तिला अंग कमी, म्हणून तिच्याबरोबर आटवलेला रस १५ मिलीच घाला. बिटर्स मिळाले नाहीत तर कडक कोऱ्या चहाचा एक चमचा घालून बघा, तुरटपणा येतो, अगदी तसं नाही पण काम भागतं. मिळाले तर घेऊनच टाका, एक छोटी बाटली वर्षानुवर्षं पुरते.

महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परमिटही, एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : सासरे येणार आहेत. ते स्कॉच फक्त पाण्याबरोबर घेतात आणि व्हिस्कीत काही मिसळणं म्हणजे पाप, हल्लीची थेरं, असं म्हणतात. त्यांना कसं पटवू?

पटवू नका, त्यांना त्यांची स्कॉच द्या. हल्लीची थेरं म्हणाले तर मात्र सांगा की १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रानं कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं, दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. पाणी तर बाबा पण घालतातच.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये दोघी घेत नाहीत, शिवाय मुलं आहेत. त्यांना काय देऊ?

न आटवलेलं सायडर, दालचिनी, आल्याच्या दोन चकत्या, संत्र्याची साल, मंद आचेवर वीस मिनिटं, गरमच द्या. ज्यांना व्हिस्की हवी त्यांनी ती आपापल्या कपात घालावी, उकळत्या पातेल्यात घातली तर अल्कोहोल आणि वास दोन्ही वाफेबरोबर बरेचसे उडून जातात. फार्मवरचा कॅन असेल तर पाश्चराइज्ड आहे का ते लेबलवर वाचा, कच्च्या रसातून ई. कोलायची लागण अमेरिकेत झालेली आहे, मुलांना आणि म्हाताऱ्यांना तो नकोच. आणि न पिणाऱ्यांच्या कपात बिटर्स घालू नका. थेंबभर असले तरी त्यात ४४.७ टक्के अल्कोहोल असतं, निदान विचारून तरी घाला.

प्रश्न : घरी पंपकिन स्पाइसची डबी पडून आहे. ती चालेल का?

त्यात भोपळा नसतोच, दालचिनी, आलं, जायफळ, लवंग यांची पूड असते, आणि पूड गार व्हिस्कीत विरघळत नाही, तळाशी गाळ होऊन शेवटच्या घोटाला दातात येते. केकमध्ये संपवा.