प्राग बघायला विनोदी वॉकिंग टूर घ्यावी का? सोबत आई-बाबा आहेत

घ्याच. तुमच्या हाती दोनच दिवस आहेत आणि अशा टूरमध्ये इतिहास राहतो बाजूला, नुसता पोरकटपणा चालतो की काय, अशी शंका तुम्ही विचारली आहे. शंका रास्त आहे, कारण मी दोन्ही तऱ्हा पाहिल्या आहेत.

पहिल्यांदा एकटा गेलो होतो तेव्हाच्या गाइडचे विनोद प्रागबद्दल नव्हतेच. सासू-सुनांचे किस्से, गटातल्या एका गृहस्थांच्या टोपीवर शेरे. दोन तास पाय दुखवून हाती काही लागलं नाही. दुसऱ्यांदा आईला घेऊन गेलो. तेव्हा पंचविशीतली एक मुलगी गाइड होती आणि तिच्यामुळे आईला आजही प्राग तोंडपाठ आहे. तिची रीत सांगतो, म्हणजे चांगली टूर कशी ओळखायची ते कळेल.

सुरुवातीलाच तिने हातातली मिटलेली छत्री दाखवून सांगितलं, "छत्री वर असेल तेव्हा दंतकथा चालू आहे समजा. खाली असेल तेव्हा कागदोपत्री पुरावा आहे." बस्स, एवढाच नियम. पण त्यामुळे दंतकथेवर मनमोकळं हसता आलं आणि आपण फसवले जातोय असं एकदाही वाटलं नाही.

सुरुवात प्राग कॅसलपासून. जुन्या राजवाड्याच्या खाली तटाला लागून बाग आहे, तिथून तिने वरची खिडकी दाखवली. (ही बाग हिवाळ्यात बंद असते, तारखा ठरवताना लक्षात ठेवा.) २३ मे १६१८ रोजी बोहेमियातल्या (म्हणजे प्राग ज्याची राजधानी होती त्या राज्यातल्या) संतापलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी राजाचे दोन कॅथलिक प्रतिनिधी, स्लावाता आणि मार्टिनित्स, उचलून त्या खिडकीबाहेर फेकले. पाठोपाठ त्यांचा चिटणीस फाब्रिसियुस यालाही. वीसेक मीटर उंचीवरून तिघे पडले आणि तिघेही जगले! कॅथलिकांचं म्हणणं, देवदूतांनी वरच्यावर झेललं. प्रोटेस्टंटांचं म्हणणं, खाली उकिरडा होता. छत्री वर करून ती म्हणाली, "देवदूतवाले डावीकडे, उकिरडेवाले उजवीकडे." मग काय, वीस माणसं हसत हसत दोन गटांत विभागली. आई देवदूतांकडे गेली, मी उकिरड्याकडे. आपल्या बाजूने बोलताना एकेकाला मूळ भांडण समजून घ्यावंच लागलं: प्रोटेस्टंटांना कबूल केलेलं धर्मस्वातंत्र्य, त्यांच्या चर्चवर आलेली बंदी, व्हिएन्नाहून चालणारा कारभार.

छत्री खाली आली. त्या चिटणिसाला पुढे सम्राटाने सरदारकी दिली आणि किताब दिला 'फॉन होहेनफाल'. जर्मन शब्द आहे, अर्थ 'उंचावरून पडण्याचा'. मी आईला मराठीत सांगितलं तर ती चटकन म्हणाली, "म्हणजे श्रीयुत उंचपडे!" मी ते गाइडला समजावून सांगितलं, तिला इतकं आवडलं की तिने 'उंचपडे' हा शब्द दोनदा म्हणून पाठ केला.

इथेच तुमच्या आई-बाबांचा मुद्दा येतो. टूर बहुधा इंग्रजीत असेल आणि तुम्हाला कानात भाषांतर करावं लागेल. शब्दांच्या कोट्या भाषांतरात मरतात, पण घटनेतच गंमत असली की ती मराठीतही तशीच पोहोचते. म्हणून विनोद घटनेत शोधणारा गाइड निवडा. गट लहान बघा, आणि आधी एकदा विचारून घ्या की कॅसलकडून खाली उतरत येणार की गावातून वर चढत जाणार. गुडघ्यांसाठी उतरत येणंच बरं.

तिथून चार्ल्स पूल. सम्राट चौथ्या कार्लच्या काळात, १३५७ साली, त्याची पायाभरणी झाली. छत्री वर: चुना मजबूत व्हावा म्हणून राज्यभरातून अंडी मागवली, आणि वेल्वारी गावच्या लोकांनी वाटेत फुटू नयेत म्हणून ती उकडून पाठवली. आई तर पुलावर उभी राहून डोळे पुसेपर्यंत हसली. पुलावर नेपोमुकच्या संत जॉनचा पुतळा आहे. खालच्या ब्राँझच्या, चित्रं कोरलेल्या पट्ट्या काळपट पडल्यात, पण लाखो हात फिरल्यामुळे दोनच जागा सोन्यासारख्या झळकतात. एक नदीत फेकला जाणारा संत, आणि दुसऱ्या पट्टीवर एका शिपायाजवळचं कुत्रं. कुत्र्याच्या पाठीवर बोट ठेवलं तर ती जागा काचेसारखी गुळगुळीत लागते. गर्दी हवी नसेल तर पूल भल्या पहाटे गाठा, टूरशिवायही.

पूल संपताना जुन्या गावाकडचा बुरूज लागतो. तिथे तिने वर बोट दाखवलं आणि एवढंच म्हणाली, "हा बुरूज लक्षात ठेवा, चौकात गेल्यावर सांगते."

आता चौकातल्या नगरभवनावरच्या प्रसिद्ध खगोलीय घड्याळाबद्दल थोडक्यात. कारागिराने दुसरीकडे असं घड्याळ करू नये म्हणून त्याचे डोळे काढले ही गोष्ट छत्री वर असतानाची. १४१० साली ते कादान्यच्या मिकुलाशने केलं ही छत्री खालची. तास होताना सगळे वरच्या खिडक्यांतले प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, बघतात, तुम्ही घड्याळावरच्या सांगाड्याच्या पुतळ्याकडे बघा. तो घंटेची दोरी ओढतो आणि शेजारचा तुर्क मान हलवतो, जणू "अजून नाही, अजून नाही." बाबांना हे नक्की आवडेल.

ज्यू वस्तीत, योसेफोवमध्ये, ती आमच्यासोबत आलीच नाही. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या जवळपास ८० हजार ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. "तिथे तुमचे तुम्ही जा, हळू वाचा," म्हणाली. हसवणाऱ्या माणसाला कुठे हसवायचं नाही हे कळतं, यावरूनच मी तिला पहिल्या गाइडच्या कितीतरी वर ठेवतो.

पण त्याआधी, घड्याळाच्या चौकात, तिने आम्हाला नगरभवनासमोरच्या फरसबंदीवर उभं केलं. पायांखाली दगडांत पांढरे क्रॉस बसवलेले आहेत. खिडकीतल्या त्या प्रकारातून उठाव झाला, १६२० मध्ये पांढऱ्या टेकडीच्या लढाईत बोहेमियाचा पराभव झाला, आणि २१ जून १६२१ रोजी उठावाच्या सत्तावीस पुढाऱ्यांना याच जागी मृत्युदंड दिला. त्यांतल्या बारा जणांची मुंडकी मघाच्या त्या बुरुजावर टांगली, ती दहा वर्षं तिथेच होती. त्या उठावातून युरोपात पेटलेलं युद्ध १६४८ पर्यंत चाललं. सकाळी देवदूत-उकिरडा खेळलेले आम्ही वीस जण त्या क्रॉसांमधून पाय सांभाळत उभे होतो. आईने वाकून एक एक करत सगळे मोजले. सत्तावीस भरले. छत्री पूर्ण वेळ खाली होती.