जनुक पोहोचवून कानातील नष्ट झालेल्या रोमपेशी पुन्हा निर्माण करता येतात का?

प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये काही प्रमाणात येतात, माणसांत अद्याप नाही. रोमपेशी म्हणजे आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या पेशी. पक्ष्यांच्या कानात नष्ट झालेल्या रोमपेशींची जागा शेजारच्या आधारपेशी भरून काढतात. सस्तन प्राण्यांत ही क्षमता जन्मानंतर लवकरच ओसरते. मिशिगन विद्यापीठातील येहोआश राफाएल यांच्या गटाने २००५ मध्ये, औषधांनी बहिऱ्या केलेल्या प्रौढ गिनीपिगांच्या कॉक्लियात (आतल्या कानातील शंखासारख्या भागात) अ‍ॅडिनोविषाणूमार्फत रोमपेशी घडवणारे ‘अ‍ॅटोह१’ हे जनुक पोहोचवले, तेव्हा उरलेल्या आधारपेशींतूनच रोमपेशी तयार झाल्या आणि श्रवणही काहीसे सुधारले. मात्र आधारपेशीच नष्ट होऊन तिथे सपाट थर उरला असेल, तर या जनुकाचा उपयोग होत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण हीच आहे. २०१४ मध्ये याच जनुकाची माणसांवर चाचणी सुरू झाली, पण उपचार हाती आलेला नाही. तोवर श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट लांबणीवर टाकू नये.