डॉकबुक 4.5 चे पुस्तक डॉकबुक 5 च्या स्कीमावर का तपासले जात नाही?

डॉकबुक ही पुस्तके आणि तांत्रिक दस्तऐवज एक्सएमएलच्या खुणांनी लिहिण्याची पद्धत आहे. जुन्या 4.5 च्या पुस्तकाला एडिटरमध्ये डॉकबुक 5 चा स्कीमा (दस्तऐवजाची रचना तपासणारी नियमावली) जोडला असता पहिल्याच ‘बुक’ या एलिमेंटवर (खुणांनी बांधलेल्या घटकावर) त्रुटी दाखवली जाते, तेव्हा स्कीमाची फाइलच खराब असावी का, असे आपण विचारले आहे. तशी शक्यता फार कमी आहे. फाइलमधल्या एखाद्या परिच्छेदात गडबड असती, तर त्रुटी तिथे दिसली असती. ती थेट रूट एलिमेंटवर, म्हणजे सगळ्यांत बाहेरच्या ‘बुक’वर, येते याचा अर्थ दस्तऐवज आणि स्कीमा यांची ओळखच पटलेली नाही.

ही ओळख नेमस्पेसवरून पटते; एलिमेंटची नावे कोणत्या शब्दसंग्रहातली आहेत हे सांगणारे, वेब पत्त्यासारखे दिसणारे नाव म्हणजे नेमस्पेस. 4.5 पर्यंतचे डॉकबुक डीटीडीवर (रचनेचे नियम लिहिण्याच्या जुन्या पद्धतीवर) आधारलेले होते आणि डीटीडीला नेमस्पेस ही कल्पनाच ठाऊक नाही. 2009 मध्ये प्रमाणित झालेल्या 5.0 मध्ये मात्र अधिकृत स्कीमा रिलॅक्स एनजी या स्कीमा लिहिण्याच्या भाषेत असून प्रत्येक एलिमेंट डॉकबुकच्या नेमस्पेसमध्ये असावा लागतो. त्यामुळे आपला ‘बुक’ आणि स्कीमाला अपेक्षित असलेला ‘बुक’ दिसायला सारखे असले, तरी पार्सरच्या (फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामच्या) लेखी ती दोन वेगळी नावे आहेत. ही तुलना अक्षराला अक्षर लावून होते, म्हणून नेमस्पेसच्या पत्त्यात ‘एचटीटीपी’ऐवजी ‘एचटीटीपीएस’ लिहिले किंवा शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली, तरी हीच त्रुटी येते.

तरीही रूट एलिमेंटवर नेमस्पेस आणि ‘व्हर्जन’ लिहून काम संपत नाही. डॉकटाइपची (फाइलच्या सुरुवातीला डीटीडी सांगणारी) ओळ तशीच राहिली, तर पुष्कळ एडिटर तिच्यावरूनच जुनी डीटीडी लावतात, आणि ती ओळ काढली, तर तिच्या आधाराने चालणाऱ्या एंटिटी (मजकुराच्या किंवा फाइलीच्या जागी वापरलेली छोटी नावे) अघोषित ठरून दस्तऐवज सुरचितही (एक्सएमएलच्या मूळ नियमांत बसणाराही) राहत नाही. शिवाय ‘आयडी’च्या जागी ‘एक्सएमएल:आयडी’, ‘बुकइन्फो’च्या जागी ‘इन्फो’ आणि ‘यूलिंक’च्या जागी एक्सलिंकचा दुवा असे बदल सर्वत्र करावे लागतात. ते हाताने करण्याच्या फंदात पडू नये; डॉकबुकच्या वितरणात ‘डीबी4-अपग्रेड’ नावाची एक्सएसएलटी स्टाइलशीट (एक्सएमएलचे रूपांतर करणारी सूचनावली) याच कामासाठी दिलेली आहे. फक्त ती चालवताना एंटिटींचा विस्तार होऊन जातो, तेव्हा प्रकरणे वेगवेगळ्या फाइलींत ठेवून एंटिटींनी जोडली असतील, तर मूळ प्रत आधी बाजूला ठेवावी आणि नंतर ती प्रकरणे एक्सइन्क्लूडने (एका एक्सएमएल फाइलीत दुसरी आणण्याच्या सोयीने) जोडून घ्यावीत. अशा पुस्तकासाठी साधा स्कीमा पुरत नाही, त्याची एक्सइन्क्लूड मान्य करणारी वेगळी आवृत्ती लावावी लागते; नाहीतर रूटवरची त्रुटी जाऊन प्रत्येक जोडणीवर नवी त्रुटी उभी राहते.

पुस्तक छापण्याची आपली पुढची सगळी व्यवस्था 4.5 वरच चालत असेल, तर मी रूपांतराच्या वाटेला जाणार नाही; एडिटरमध्ये 4.5 ची डीटीडी पुन्हा जोडणे पुरेसे आहे.